वगळायच्या आधी विचारलंस, बरं केलंस

बाय, तुझा रात्री साडेअकराचा मेसेज मी सकाळी वाचला. "ताई, स्कॅन लागला की लॅपटॉप जागचा हलत नाही. सगळा डी ड्राइव्हच वगळून टाकू का?" हात लावायच्या आधी विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. लोअर परळला उतरून ऑफिसात पोचेपर्यंत तुला काय काय सांगायचं, याचीच मनात जुळवाजुळव चालू होती. फोनवर हे जमायचं नाही. तू 'हो ताई, हो ताई' म्हणत राहशील, तिकडे आई हाक मारेल, आणि अर्धं राहून जाईल. म्हणून लिहितेय. आज दुपारी निवांत वाच.

तुझी घाई मला कळते गो. एक जूनला बोटी किनाऱ्याला लागल्या की बाबांचं समुद्रावरचं काम दोन महिने थांबतं आणि कागदांचं सुरू होतं. बोटीचं लायसन्स, विमा, डिझेलचा हिशेब, सोसायटीला द्यायचे कागद, सगळं तुझ्या त्या एका जुन्या लॅपटॉपवर. वर आईच्या मसाल्याच्या ऑर्डरी, वर तू बंदरावर काढलेले व्हिडिओ. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यात स्कॅन सुरू झाला की माणसाला रडू येणारच.

पण डी ड्राइव्ह वगळू नकोस. का, ते सांगते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

माझी पहिली नोकरी होती. छोटं ऑफिस, चार कॉम्प्युटर. हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनच्या डी ड्राइव्हवर होतं आणि बाकीचे तिघे नेटवर्कवरून तेच वापरायचे. महिनाअखेरीला ते इतकं सावकाश चालायचं की एकेक व्हाउचर टाकायला मिनिट लागायचं. मी अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये गेले आणि अख्खा डी ड्राइव्ह वगळून टाकला. सॉफ्टवेअर पळायला लागलं. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मीही ते घेतलं. तीनेक आठवड्यांनी एकाने झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या टेबलावरच्या मशीनला लावला. त्या मशीनवरच्या अँटीव्हायरसची मुदत संपलेली होती. त्याने 'बिलं' नावाचा फोल्डर उचलून माझ्या डी ड्राइव्हवर टाकला. माझ्या मशीनवरचा अँटीव्हायरस जागा होता, ताजा होता. पण तिकडे बघायचं नाही असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

शॉर्टकट व्हायरस होता तो. फोल्डरचं पिवळं चित्र तसंच दिसतं, फक्त डाव्या कोपऱ्यात खाली एक बारीक वाकडा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की क्षणभर काळी खिडकी लुकलुकते आणि मग फोल्डर नेहमीसारखा उघडतो. म्हणून कोणाला संशय येत नाही. संध्याकाळपर्यंत डी ड्राइव्हवरच्या एकूण एक फोल्डरला तो बाण लागला होता. खरे फोल्डर गेले नव्हते, व्हायरसने ते लपवून ठेवले होते. 'अ‍ॅट्रिब' नावाची एक जुनी आज्ञा आहे, ती देऊन लपवलेलं परत दिसायला लागतं. रात्री दहापर्यंत बसून मी ते केलं. चारही मशिनी साफ करायला पुढचे तीन दिवस गेले. सगळ्यांनी त्या पेनड्राइव्हवाल्या पोराला धारेवर धरलं आणि मी गप्प बसले. डी ड्राइव्ह मी वगळला होता, हे बोललेच नाही. ते मला अजून खुपतं.

त्यानंतर या वगळण्याचा मी खूप विचार केला, आणि आता कोणीही विचारलं की एकच सांगते. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे नंतर बघ. आधी बघ, ती आली कुठून, आणि त्या फोल्डरात आणखी कोणाचा हात जाऊ शकतो.

आई जवळा निवडते ते डोळ्यांपुढे आण. बाहेरून घेतलेला सुका जवळा ती कधीही सरळ डब्यात भरत नाही. सुपात घेते, पाखडते, बारीक चिंबोरी, जाळ्याचा निळा धागा, शिंपलीचा तुकडा बोटांनी वेगळा करते. ओळखीच्या बाईकडून घेतलेला असला तरी हेच. पण एप्रिलमध्ये डंखावर स्वतः उभं राहून कुटून आणलेला मसाला बरणीत भरला, वर हिंगाचा खडा ठेवला, की रोज रोज तो चाळत बसते का? नाही. मात्र एखाद्या दिवशी पोरांनी बरणी उघडी टाकलेली दिसली, की तोच मसाला ती ताटात ओतून बघते. तिला कोणी कॉम्प्युटर शिकवला नाही, पण कशाकडे रोज बघायचं आणि कशाकडे नाही, हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता तुझ्या लॅपटॉपकडे ये. डाउनलोड्स, डेस्कटॉप, व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाइली, ई-मेलची जोडपत्रं, पेनड्राइव्ह, आणि विंडोज स्वतः तात्पुरत्या फाइली टाकतं तो टेम्प फोल्डर. हा सगळा बाहेरून आलेला जवळा. यातलं काहीही, कोणीही सांगितलं तरी, कधीही वगळायचं नाही. बाबांच्या फोनवरून येतं तेही यातच धर. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' म्हणून एपीके फाइल पाठवून लोकांचे फोन ताब्यात घेण्याचे प्रकार खूप झालेत. कोळीवाड्यात पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात आणि बाबा आलेल्या प्रत्येक पत्रिकेला बोट लावतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधी 'इन्स्टॉल' करावी लागत नाही, एवढं त्यांना तूच समजाव. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

उलट, तुझे व्हिडिओ. कॅमेऱ्याच्या कार्डावरून तू स्वतः कॉपी करतेस, त्या फोल्डरात दुसरं कोणी काही टाकत नाही. ती मसाल्याची बरणी. ते वगळलंस तर मी ओरडणार नाही. पण वगळून फार वेळ वाचेल अशी आशाही ठेवू नकोस. स्कॅनचा वेळ मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त खातात त्या हजारो बारक्या फाइली आणि झिप केलेले गठ्ठे, कारण गठ्ठा सोडून आतली एकेक फाइल बघावी लागते. व्हिडिओ एडिट करताना सॉफ्टवेअर जे कच्चे तुकडे एका 'कॅश' फोल्डरात टाकत राहतं, तिथे मात्र फरक पडतो. तिथे सतत लिहिणं-पुसणं चालतं आणि प्रत्येक वेळी अँटीव्हायरस डोकावतो. तेवढा एक फोल्डर वगळ. त्याचा पूर्ण पत्ता देऊन, त्याच्या वरचा नाही.

तू ज्याला 'स्कॅन' म्हणतेस ती दोन वेगळी कामं आहेत, हेही समजून घे. एक पहारा चोवीस तास चालू असतो. फाइल उघडली, लिहिली, की तेव्हाच तपासली जाते. दुसरी ती फेरी, जी ठरलेल्या वेळी सगळं घर बघत फिरते. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरमध्ये फोल्डर वगळलास की तो दोन्हींतून जातो. लोकांना वाटतं आपण फक्त ती रात्रीची लांबलचक फेरी टाळली. तसं नसतं, दारावरचा पहाराही तिथून उठतो.

आणि तुझं दुखणं त्या फेरीचं आहे, तर इलाज फेरीची वेळ बदलण्याचा. पहारा चालू असेल तर रोजच्याला 'क्विक स्कॅन' पुरतो. सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या गोष्टी आणि व्हायरस जिथे बसतात त्या नेहमीच्या जागा तो बघतो. पूर्ण स्कॅन महिन्यातून एकदा, तू जेवून झोपताना, चार्जर लावून ठेव. आणखी एक. तुझ्या लॅपटॉपवर मागच्या वेळी मला दोन अँटीव्हायरसची चित्रं दिसली होती, त्यातल्या एकाची फुकटची मुदत संपलेली. दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की एकमेकांनाच अडवतात. मुदत संपलेला आधी काढून टाक. माझा अंदाज आहे, निम्मं ओझं तिथेच उतरेल.

घ्यायचाच असेल विकतचा तर घे, माझी ना नाही. आपल्या पुण्यातच कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी शाळेपुरतं शिक्षण असताना धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटर शिकायला लावलं, आणि दुरुस्तीला आलेल्या मशिनींवरचे व्हायरस काढता काढता त्या दोघांनी १९९०च्या दशकात क्विक हील उभं केलं. मला ही गोष्ट आवडते, कारण त्यात थोरल्याने धाकट्याला पुढे काढलंय. पण कुठलाही घेतलास तरी एकच ठेव.

आता फाइलच्या प्रकाराचं. तू म्हणशील, मग सगळ्या फोटोंना वगळू, फोटोत काय असणार? नको. 'जेपीजी वगळ' असं सांगितलंस की डिफेंडर ते अख्ख्या डिस्कभर पाळतो, डाउनलोड्समध्येसुद्धा. आणि फोटो अगदी निरुपद्रवी असतात हेही खरं नाही. २००४ मध्ये विंडोजच्या जेपीजी दाखवणाऱ्या भागातच खोट सापडली होती. २०२३ मध्ये वेबपी चित्रांबाबत तेच झालं आणि सगळ्या ब्राउझरना धावत दुरुस्ती काढावी लागली. शिवाय नाव फसवतं. विंडोज मूळचं असं लावलेलं असतं की ओळखीच्या फाइलींचं शेपूट लपवतं. 'डिझेल बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाइल आली तर तुला फक्त 'डिझेल बिल डॉट पीडीएफ' दिसणार. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन शेपटं दाखवायला सांग. हे आजच कर.

प्रोग्रॅम वगळायची सोयही असते, तिच्यात आणखी एक मेख आहे. डिफेंडरमध्ये प्रोसेस म्हणून एखादा प्रोग्रॅम वगळलास, तर तो प्रोग्रॅम ज्या ज्या फाइलींना हात लावेल त्या पहाऱ्यातून सुटतात. मग ब्राउझर वगळला तर काय होईल, तूच विचार कर. झिप उघडणारं सॉफ्टवेअर, व्हॉट्सअ‍ॅप, तेही तसेच.

राहिला हिशेबाचा फोल्डर. तिथे मात्र कारण खरं आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर आपली डेटा फाइल उघडून धरतं आणि सतत तिच्यात लिहितं. त्याच वेळी अँटीव्हायरसनेही ती धरली की काम अडतं. म्हणून मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या एसक्यूएल सर्व्हरसाठीही डेटाबेसच्या कोणत्या फाइली वगळाव्यात ते लिहून देतं. तू तेवढंच कर. सॉफ्टवेअरवाल्यांनी लेखी सांगितलेला डेटाचा फोल्डर, तोही त्रास खरोखर होत असेल तर. प्रोग्रॅमचा फोल्डर नाही आणि सॉफ्टवेअरचं अपडेट जिथे उतरतं ती जागा तर मुळीच नाही.

इथे मी इतकी अडून का बसते, सांगते. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून नॉटपेट्या नावाची लाट सुटली. ती पसरली एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एम ई डॉक नावाचं ते सॉफ्टवेअर, तिथले व्यापारी कर भरायला वापरायचे. विश्वासाची वस्तू. तिच्यातून ही लाट मर्स्क या जहाज कंपनीत शिरली आणि बघता बघता आपल्या दारात आली. मुंबई बंदराच्या पलीकडे, न्हावा शेव्याला, जेएनपीटीतलं मर्स्कच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, हे सांगणारी यंत्रणाच गेली, कंटेनर अडकून पडले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरने उरणकडच्या क्रेन थांबवल्या! २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्सचं तसंच. तिथे तर कंपनीनेच ग्राहकांना आपले फोल्डर अँटीव्हायरसमधून वगळा असं सुचवून ठेवलेलं होतं, आणि बिघडवलेलं अपडेट सुमारे १८,००० ठिकाणी उतरलं. 'आमचं सॉफ्टवेअर नीट चालायला अमुक वगळा' हे वाक्य वाचलंस की म्हणून जरा थांब. खोटं असेल असं नाही. पण त्यांना सोयीचं ते आपल्याला झेपेलच असंही नाही.

फुकटात मिळालेलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर असं सांगत असेल, तर थांबून विचार करायचंही कारण नाही, सरळ नको म्हण. 'आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा' असं ज्याला सांगावं लागतं, त्याने आपला हेतू स्वतःच सांगितला. तुझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल मला शंका आहे, म्हणून बोलले. रागावू नकोस. फुकट आणि कायदेशीर असलेली चांगली सॉफ्टवेअर आहेत, आपण बसून बघू.

आता एक काम, जे वगळण्याच्याही आधीचं आहे. तुझा लॅपटॉप सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने त्यात काय काय वगळून ठेवलंय, तू कधी बघितलंस? 'विंडोज सिक्युरिटी' उघड, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज', आणि तळाला 'एक्सक्लूजन्स'. ती यादी रिकामी हवी. तिथे 'सी' ड्राइव्ह किंवा ओळख न लागणारा फोल्डर दिसला, तर फोटो काढून मला पाठव आणि ती ओळ काढून टाक. व्हायरससुद्धा आत शिरले की पहिलं काम हेच करतात, स्वतःचा फोल्डर या यादीत घालतात. यादीत आपण न लिहिलेलं नाव असणं, हीच मोठी खूण.

पूर्ण स्कॅनने सगळं बघितलं असंही समजू नकोस. डिफेंडरचा पूर्ण स्कॅन मूळच्या सेटिंगमध्ये लावलेला पेनड्राइव्ह बघत नाही. पेनड्राइव्हवर उजवं क्लिक करून वेगळा स्कॅन द्यायचा. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये तर त्याला शिरताच येत नाही. 'पासवर्ड मेलमध्येच दिलाय' अशी झिप पाठवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आणि झिपच्या आत झिप, त्याच्या आत झिप असली तर काही थरांनंतर तो थांबतो. त्यालाही कारण आहे. '४२ डॉट झिप' नावाची एक कुप्रसिद्ध फाइल ४२ किलोबाइटची आहे, ती पूर्ण सोडवली तर साडेचार पेटाबाइट भरते. असल्या सापळ्यात स्कॅन करणाराच गुदमरायचा.

एखादा फोल्डर खरंच तपासला जातोय का, याची परीक्षाही घेता येते. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण सगळे अँटीव्हायरस तिला बघून ओरडायचं ठरवून बसलेत. ती फोल्डरात ठेवली आणि कोणी ओरडलं नाही, तर समज, तिथे पहारा नाही. रविवारी करून दाखवते.

कधी कधी तो आपल्याच फाइलवर ओरडेल, तेव्हा घाबरून पुसू नकोस. चुका त्याच्याही होतात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचा स्वतःचाच एक अत्यावश्यक भाग व्हायरस ठरवला होता, आणि जगभरच्या मशिनी पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसल्या होत्या. म्हणून 'डिलीट'पेक्षा 'क्वारंटाइन' निवड. २०२०च्या मार्चअखेरीस आपला कोळीवाडा बंद झाला होता, त्यामुळे क्वारंटाइन म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजवायला नको. फाइल वेगळी ठेवली जाते, मारली जात नाही, आणि निर्दोष ठरली तर परत आणता येते. खात्री करायला व्हायरसटोटल या साइटवर फाइल टाकता येते, अनेक अँटीव्हायरस मिळून ती बघतात. पण तिथे बाबांचं आधार कार्ड, बँकेचे कागद, बोटीची कागदपत्रं टाकायची नाहीत. तिथे टाकलेली फाइल परक्यांच्या हातात जाऊ शकते.

आणि इतकं सगळं करून काहीतरी निसटणारच, हे धरून चाल. म्हणून कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसला लॅपटॉपइतकीच उघडी. मर्स्कचंच सांगते. नॉटपेट्याने त्यांच्या जगभरच्या नेटवर्कची किल्ली असलेले सगळे सर्व्हर खाल्ले, एक सोडून. तो घानामध्ये होता. त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका बंद पडलेल्या सर्व्हरवरून त्यांनी पुन्हा उभारणी केली. त्यांचं नशीब म्हणायचं. आपण डिस्कची वायर हाताने काढू.

तर आज रात्री एवढंच कर. ती यादी बघ, जुना अँटीव्हायरस काढ, चार्जर लाव, झाकण मिटलं तर लॅपटॉप झोपतो म्हणून ते उघडंच ठेव, आणि पूर्ण स्कॅन लावून झोप. काहीही वगळू नकोस. सकाळी किती वेळ लागला ते सांग. बाबांच्या त्या लाल पाठपुठ्ठ्याच्या वहीत, जिथे डिझेल लिहितात, शेवटचं पान कोरं आहे. पुढे कधी काही वगळलंस तर तिथे तारीख, फोल्डरचं नाव आणि कारण लिही. कारण एका ओळीत लिहिता आलं नाही तर वगळू नकोस. रविवारी मी दुपारच्या आत येते, नवी डिस्क घेऊन. आईला सांग, जवळा मी आल्यावर निवडायला काढ.